गोष्टीच्या बदल्यात काय?

प्रश्न : नातीबरोबर डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड' वाचायला घेतली आहे. तिच्यात निवासी शाळेतला एक मोठा मुलगा छोट्या डेव्हिडला रोज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या गोष्टी सांगायला लावतो. डेव्हिडचे डोळे मिटत असतात, तरी तो सांगत राहतो. नात म्हणाली, "आजी, हे तर रॅगिंग झालं!" मला मात्र तो प्रसंग इतकी वर्षं गोड वाटत आला होता. हे डिकन्सच्या लहानपणी खरंच घडलं होतं का? आणि मोठ्या लेखकांना म्हणे लहानपणी आजीने नाहीतर दाईने भरपूर गोष्टी सांगितलेल्या असतात, त्यात कितपत तथ्य आहे?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : तुमच्या नातीचं वाचन चोख आहे. तो प्रसंग गोड वाटतो, कारण सांगणारा डेव्हिड स्वतः तो गोड करून सांगतो. त्याचे शब्द बाजूला ठेवून नुसता व्यवहार बघा. तो मोठा मुलगा म्हणजे स्टीअरफोर्थ, डेव्हिडपेक्षा निदान सहा वर्षांनी मोठा. पहिल्याच रात्री तो या पोराजवळचे सात शिलिंग 'सांभाळायला' म्हणून घेतो, त्यांचा खाऊ आणि बेदाण्यांची वाइन आणवतो आणि खोलीतल्या सगळ्यांना आपल्या हाताने वाटतो. पुढे गप्पांमध्ये त्याला कळतं की हा पोरगा वडिलांच्या मागे राहिलेल्या कादंबऱ्या वाचून बसला आहे आणि त्या त्याला तोंडपाठ आहेत. मग हुकूम सुटतो : रात्री सांगायची, पहाटे घंटा व्हायच्या आधी उठूनही सांगायची. स्टीअरफोर्थ अरबी सुरस गोष्टींतल्या शहरजादीचंच उदाहरण देतो. ती बाई गोष्टी कशासाठी सांगत होती हे आपल्याला माहीत आहे. गोष्ट संपली की मान जाणार होती.

डेव्हिडला काय मिळतं? स्टीअरफोर्थ त्याची गणितं सोडवून देतो, अवघड धडे समजावतो, आणि त्याच्या सावलीत असलेल्या मुलाला सहसा कोणी हात लावत नाही. म्हणजे सौदा उघड आहे. गंमत अशी की नेमक्या याच ठिकाणी मोठा झालेला डेव्हिड वाचकाला थांबवून सांगतो की मी हे स्वार्थाने करत नव्हतो, भीतीनेही नाही, माझं त्याच्यावर प्रेम होतं. कोणी आरोप केलेला नसताना दिलेला हा खुलासा मला फार बोलका वाटतो.

त्या गोष्टींची किंमत इतरांनीही मोजली. ट्रॅडल्स नावाचा एक बिचारा मुलगा 'जिल ब्लास' या कादंबरीतल्या स्पॅनिश शिपायाचं नाव निघालं की घाबरल्याचं सोंग करून दात वाजवायचा. मुख्याध्यापक क्रीकल बाहेर टेहळत होता, त्याने ते ऐकलं आणि ट्रॅडल्सला झोडपून काढलं. दुसरा बळी मेल मास्तरांचा. त्यांची म्हातारी आई धर्मशाळेत राहते हे डेव्हिडने पाहिलं होतं आणि एकदा भाबडेपणाने स्टीअरफोर्थला सांगितलं होतं. स्टीअरफोर्थने ते भर वर्गात मास्तरांच्या तोंडावर फेकलं. मास्तरांची नोकरी गेली. रात्री 'रंगवून सांग' म्हणणाऱ्यालाच आपण ही माहितीही पुरवली, हे डेव्हिडला तेव्हा उमजतं आणि तो गप्प बसतो.

आता खरं-खोटं. डिकन्स अशा निवासी शाळेत गोष्टी सांगत होता, असं नाही. नंतर तो ज्या शाळेत गेला तिथे तो रोज घरून जाऊन-येऊन शिकत होता. पण वडिलांच्या कपाटातली पुस्तकं आणि ती वाचून नायकांच्या जागी स्वतःला बघणं हा भाग शब्दशः खरा, असं त्याचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर सांगतो. आणि गोष्टी सांगून स्वतःला वाचवण्याचा भागही खरा आहे. फक्त तो शाळेतला नाही, कारखान्यातला आहे.

1824 चा फेब्रुवारी. चार्ल्सला नुकतंच बारावं वर्ष पूर्ण झालेलं. वडील जॉन डिकन्स कर्जापायी मार्शल्सी तुरुंगात गेले आणि या मुलाला लंडनमध्ये थेम्सकाठच्या हंगरफर्ड स्टेअर्स इथल्या वॉरनच्या बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला लावलं गेलं. डब्यांवर आधी तेलकागद, मग निळा कागद लावायचा, दोरी बांधायची, कडा कापून गुळगुळीत करायच्या आणि वर छापील चिठ्ठी चिकटवायची. मजुरी आठवड्याला सहा-सात शिलिंग. इमारत पडकी, खाली तळघरात उंदरांचा सुळसुळाट. बरोबरची पोरं गरीब घरची होती आणि ती याला 'छोटे साहेब' म्हणत. पॉल ग्रीन नावाच्या मुलाला हे साहेबपण सोसवेना, त्याने एकदा बंड केलं. बॉब फेगिन नावाच्या थोराड पोराने त्याला गप्प केलं.

पुढे डिकन्सने या दिवसांबद्दल जे थोडं लिहून ठेवलं, त्यात एक ओझरता उल्लेख आहे : काम करता करता, पूर्वी वाचलेल्या पुस्तकांमधलं काहीबाही सांगून मी या पोरांचं मन रमवायचा प्रयत्न करत असे. एवढंच, एका वाक्यात. डेव्हिड आणि स्टीअरफोर्थचं मूळ माझ्या मते इथे आहे. कादंबरीत श्रोता श्रीमंताचा देखणा मुलगा आहे, प्रत्यक्षात चिठ्ठ्या चिकटवणारी पोरं होती. लेखकाने जागा बदलली, श्रोत्यांचा दर्जा वाढवला, व्यवहार तोच ठेवला : मी तुमच्यातला नाही, पण मला मारू नका, मी तुम्हाला गोष्ट सांगतो.

त्याच कागदांमधली आणखी एक हकिकत सांगण्याचा मोह आवरत नाही. चार्ल्सच्या कुशीत एकदा भयंकर कळा येऊ लागल्या. त्याला गवतावर झोपवून बॉब फेगिनने अर्धा दिवस पॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये गरम पाणी भरून त्याला शेकलं. संध्याकाळी बरं वाटू लागलं तरी बॉब ऐकेना, म्हणाला, तुला घरापर्यंत पोचवतो. घरचे तर तुरुंगात! चार्ल्सने त्याला वाटेत नाना प्रकारे कटवून पाहिलं. शेवटी सदर्क पुलाजवळच्या कुठल्या तरी घराच्या पायरीवर उभं राहून 'हेच आमचं घर' म्हणून त्याचा हात हातात घेऊन निरोप घेतला. बॉब वळून बघेल म्हणून दारही ठोठावलं. बाईने दार उघडलं तेव्हा विचारलं, मिस्टर रॉबर्ट फेगिन इथेच राहतात का? बॉब हे रॉबर्टचंच लाडकं रूप. बारा वर्षांच्या मुलाने उभ्या उभ्या रचलेली ही गोष्ट, आणि ऐन घाईत तिला लागणारं नावही त्याने समोरच्या माणसाकडूनच उचललेलं. कथाकार म्हणून त्याची तयारी किती झाली होती, ते यावरून कळतं. ही सगळी हकिकत त्याने फॉर्स्टरपाशी उघड केली, एरवी तिच्याबद्दल तोंड मिटलेलं ठेवलं. 1870 मध्ये तो वारला आणि मग फॉर्स्टरच्या चरित्रातून ती जगाला कळली. त्याच्या मुलांनाही ती तेव्हाच कळली.

दुसरा प्रश्न आजीचा आणि दाईचा. तथ्य आहे, पण आपण कल्पना करतो तसं मऊ-मायाळू चित्र क्वचितच सापडतं. डिकन्सचंच बघा. त्याचं कुटुंब चॅटमला राहत असताना मेरी वेलर नावाची तरुण मुलगी मुलांना सांभाळायला होती. 1860 मध्ये त्याने दाईच्या गोष्टींवर एक लेख लिहिला. त्यातली दाई म्हणजे हीच, असं चरित्रकार मानतात. ती सांगायची ती कॅप्टन मर्डररची गोष्ट अशी : हा गृहस्थ लग्नामागून लग्नं करतो, नव्या नवरीला सोन्याच्या लाटण्याने कणकेची पोळी लाटायला लावतो, ती विचारते आत घालायचं मांस कुठंय, तर तो म्हणतो आरशात बघ. शेवटी एका नवरीची जुळी बहीण त्याच्याशी लग्न करते, जहाल विष पिते आणि तिला खाल्ल्यावर तो फुगत फुगत फुटतो. गोष्टीच्या सुरुवातीला दाई दोन्ही हातांनी हवेत ओरबाडायची आणि खोल घशातून कण्हायची. मुलगा गयावया करायचा की ती गोष्ट पुन्हा ऐकण्याएवढा मी अजून मोठा झालेलो नाही. तिने एक शब्द कधी गाळला नाही. वर हे सगळं आपल्या नात्यागोत्यातल्या लोकांच्या बाबतीत घडलंय, असं ठासून सांगायची!

या बाईला दुष्ट म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. घरात सगळ्यांचे हुकूम ऐकणारी ती पोर. दिवे मालवल्यावरचा अर्धा तास तेवढा तिच्या मालकीचा. त्या वेळात मालकाच्या मुलाला तिच्या तोंडाकडे बघत बसावं लागायचं.

ही नजर एकदा आली की अभिजात पुस्तकांतले गोष्टी सांगणारे वेगळेच दिसू लागतात. ते बहुतेक सगळे कामावर असतात. शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'मध्ये बेसी गोष्टी सांगते तेव्हा तिने इस्त्रीचं टेबल मुलांच्या खोलीतल्या शेकोटीपाशी आणलेलं असतं आणि हात मालकिणीच्या टोपीच्या झालरींवर चालू असतो. धाकट्या बहिणीच्या, एमिलीच्या 'वदरिंग हाइट्स'ची जवळजवळ सगळी कथा घरकाम करणारी नेली डीन सांगते, तीही शिवणकाम हातात घेऊनच. दोन्ही कादंबऱ्या 1847 च्या. या बहिणींच्या स्वतःच्या घरी टॅबी नावाची म्हातारी यॉर्कशरची बाई कामाला होती. गिरण्या यायच्या आधी आमच्या खोऱ्यात पऱ्या दिसायच्या, असं ती मुलींना सांगायची. तेव्हा हे चित्र बहिणींनी हवेतून आणलेलं नाही.

रशियात तर मामला याहून रोखठोक. टॉल्स्टॉयच्या आजीकडे लेव्ह स्तेपानिच नावाचा आंधळा भूदास होता. तो केवळ गोष्टी सांगण्यासाठी विकत घेतलेला होता! एक-दोनदा वाचून दाखवलेली गोष्ट तो जशीच्या तशी पाठ म्हणायचा. आजी अंथरुणात टेकली, मेणबत्ती विझली, की खिडकीच्या कट्ट्यावर बसलेला हा म्हातारा एकसुरी आवाजात सुरू व्हायचा. एक रात्र छोट्या टॉल्स्टॉयलाही त्या खोलीत झोपायची संधी मिळाली. त्याला काय आठवलं? गोष्ट नाही. शहरजादीचीच कुठलीशी गोष्ट चालू होती, पण मुलाचं लक्ष पांढऱ्या कपड्यांतल्या आजीकडे, भिंतीवर हलणाऱ्या तिच्या सावलीकडे आणि म्हाताऱ्याच्या पांढऱ्या डोळ्यांकडे लागलेलं. मला तर वाटतं 'बालपण' (1852) लिहिणारा टॉल्स्टॉय इथेच दिसतो. कथानकापेक्षा खोलीत कोण कसं बसलंय हे त्याला आधी दिसतं.

तुम्हाला अपेक्षित असलेली आजी गॉर्कीकडे सापडते. अकुलिना इवानोव्हना. त्याच्या 'बालपण'मध्ये ही लेस विणणारी आजी सगळं घर उजळून टाकते आणि आजोबा मुलाला बेशुद्ध पडेपर्यंत फटकावतात. पण तीसुद्धा गोष्टीची किंमत ओळखून होती. व्होल्गावरच्या बोटीत ती नातवाला गोष्ट सांगते, दाढीवाले खलाशी भोवती जमतात, आजी अजून एक सांग म्हणतात, आणि मग तिला जेवायला नेऊन व्होडका पाजतात, पोराला कलिंगड देतात.

आणि आपल्याजवळचं उदाहरण हवं तर रवींद्रनाथ ठाकूर. जोडासांकोच्या वाड्यात आईवडिलांपेक्षा नोकरांच्या ताब्यात गेलेलं बालपण त्यांनी 'जीवनस्मृती'त (1912) सांगितलं आहे. श्याम नावाचा नोकर मुलाला एका जागी बसवायचा, भोवती खडूने रिंगण आखायचा आणि बजावायचा की बाहेर पाऊल टाकलंस तर संकट कोसळेल. मुलाने सीतेची गोष्ट ऐकलेली होती, त्यामुळे बिशाद नव्हती. खिडकीतून खालचं तळं आणि वड बघत तो तासन्‌तास बसून राहायचा. गोष्टीचा असा उपयोग! एकदा ऐकवली की राखणीला माणूस ठेवायला नको. दुसरा नोकर ईश्वर. हा पूर्वी गावात मास्तर होता, त्यामुळे बोलणं भारदस्त. संध्याकाळी एरंडेलाच्या दिव्याभोवती मुलांना गोळा करून तो रामायण-महाभारत वाचून दाखवायचा, म्हणजे पोरं शांत राहायची. मुलांना लुच्या (बंगाली पुऱ्या) वाढताना 'आणखी हवी?' असं तो अशा स्वरात विचारायचा की 'नको' हेच उत्तर त्याला हवंय हे मुलांना कळायचं. त्याला अफूचं व्यसन होतं आणि अफूबाजाला दूध लागतं, म्हणून मुलांच्या वाट्याचं दूधही त्याच्याच पोटात. एका रात्री लव-कुशाची कथा ऐन रंगात आली, झोपायची वेळ होत आली आणि ईश्वरचं वाचन संथ. तेव्हा वडिलांकडचा जुना माणूस किशोरी चाटुज्ये आला आणि त्याने दाशरथी रायच्या झपझप धावणाऱ्या 'पांचाली' गीतांत कथा संपवून टाकली. संथ चाल आणि द्रुत चाल एकाच कथेवर, एकाच बैठकीत ऐकलेल्या या मुलाने पुढे किती गाणी बांधली हे तुम्ही जाणताच. रवींद्रनाथांचं मोठेपण असं की ते हे सगळं हसत सांगतात, पण दूध कोण पीत होतं ते विसरत नाहीत.

'आणि आपली श्यामची आई?' असं तुम्ही विचाराल, म्हणून तेही. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात 9 ते 13 फेब्रुवारी 1933 अशा पाच दिवसांत लिहिली. तिच्यात गोष्ट सांगणारी आई नाही, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. सांगतो तो मोठा झालेला श्याम, आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, रोज एक. ऐकणारे मित्र आणि हळूहळू गावातले लोकही. इथे सांगणाऱ्याला कोणाकडून काही नको आहे. वर सांगितलेल्या यादीत ते पुस्तक बसत नाही आणि मी ते ओढूनताणून बसवणार नाही. फक्त एवढं म्हणेन की ज्याला ऋण फेडायचं आहे तोही मोकळ्या हाताने सांगत नसतो.

डिकन्सकडे परत येतो, कारण त्याने आपल्या दोन्ही जुन्या माणसांची नावं पुस्तकांत वापरली आणि ती कशी वापरली ते पाहण्यासारखं आहे. दाईचं आडनाव वेलर त्याने 'पिकविक पेपर्स'मधल्या सॅमला दिलं. हा सॅम वेलर बोलबोलता भयानक किस्से पेरत जातो आणि वाचकांना हसवतो. तो कादंबरीत आला आणि तिचा खप भराभर वाढला. तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा खानावळीच्या अंगणात बूट पॉलिश करत असतो, आणि लेखक जाता जाता म्हणतो की ती चमक पाहून मिस्टर वॉरनचाही जळफळाट झाला असता. 1836 च्या वाचकाला तो साधा विनोद वाटला असणार. त्या कारखान्यात या लेखकाने डबे बांधले आहेत, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

आणि बॉब फेगिन. ज्याने अर्धा दिवस शेक दिला, ज्याने 'छोटे साहेब' म्हणून पाठीशी घातलं, त्याचं नाव डिकन्सने लगेच पुढच्याच कादंबरीत, 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये, पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्या म्होरक्याला दिलं. अभ्यासकांनी यावर बरंच लिहिलं आहे. मला पटणारं उत्तर असं, की बॉबचा चांगुलपणाच त्या मुलाला सर्वांत धोक्याचा वाटला असावा. क्रूर माणसापासून पळता येतं. पण बॉबसारखा मित्र मिळाला तर माणूस पॉलिशच्या कारखान्यात रमेल आणि 'छोटे साहेब' कायमचे डबे बांधत राहतील. कादंबरीतला फेगिनही ऑलिव्हरला जिंकतो तो माराने नाही. आधी एकटं कोंडून ठेवतो, मग चोरांच्या घोळक्यात बसवतो आणि आपल्या तरुणपणच्या चोऱ्यांच्या गोष्टी इतक्या मिश्कीलपणे सांगतो, की त्या सगळ्याची किळस असूनही ऑलिव्हर पोट धरून हसतो.